सोलापुरात स्पीकर बनवणाऱ्याची दखल कोणी घ्यावी?

लाकूडतार
रविवार, सकाळी ९.१२

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत बंद पडलेल्या यंत्रमागाच्या एका शेडचा अर्धा भाग भाड्याने घेऊन मी आणि माझा मावसभाऊ गेली चार वर्षे घरात बसून गाणे ऐकण्यासाठीचे स्पीकर तयार करीत आहोत. दोघेही दिवसा नोकरी करतो, त्यामुळे महिन्याला दोन जोड्यांपेक्षा अधिक काम होत नाही. खालच्या पट्टीसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या पट्टीसाठी एक इंची कापडी घुमटाचा ट्विटर, बर्च प्लायची पेटी आणि दोघांत आवाज वाटून देणारा, आमच्या हाताने गुंडाळलेल्या कॉइलचा क्रॉसओव्हर, असे त्याचे साधे स्वरूप आहे. जोडीची किंमत ५८,००० रुपये असून आजवर २९ जोड्या विकल्या गेल्या. त्यांतील २१ ओळखीच्यांनी किंवा त्यांच्या ओळखीच्यांनी घेतल्या.

ओळखीचे वर्तुळ आता संपत आले आहे, म्हणून गेल्या दोन महिन्यांत मी देशातील व परदेशातील १४ ठिकाणी, म्हणजे हाय-फाय मासिके, संकेतस्थळे आणि यूट्यूब वाहिन्या यांना, सविस्तर पत्रे लिहिली. नऊ ठिकाणांहून उत्तरच आले नाही. तिघांनी जाहिरातीचे दरपत्रक पाठवले. एकाने जोडी पाठवा, पण ती परत मिळणार नाही, असे कळवले. एका परदेशी मासिकाने अतिशय सभ्य भाषेत विचारले, की आमच्या देशात आपले विक्रेते किती आहेत. एकही नाही, हे उत्तर मी अद्याप पाठवलेले नाही.

आवाज चांगला असेल तर दखल आपोआप घेतली जाईल, या समजुतीवर मी ही चार वर्षे काढली. जाहिरातीला पैसा नसलेल्या छोट्या उत्पादकाने परीक्षणासाठी कोणाकडे आणि कसे जावे, हा माझा प्रश्न आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी स्पष्ट लिहावे, मी वाईट वाटून घेणार नाही.

कडकभाकरी
रविवार, सकाळी ९.२०

मिरवणुकीत चालतील का?

लाकूडतार
रविवार, सकाळी ९.२६

चालणार नाहीत. पावसात प्लाय फुगेल, आणि आवाज ऐकून मंडळाचे अध्यक्ष त्याआधीच फुगून बसतील.

चाटीगल्ली
रविवार, सकाळी १०.०५

मालक, आमच्या घरात तीन पिढ्या कापडाचा व्यवसाय आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, की तुम्ही माल विकायला काढला आहे आणि त्याच्यासोबतची गोष्ट मात्र शेडच्या बाहेर फेकून दिली आहे. बंद पडलेला यंत्रमाग, त्याच छपराखाली तयार होणारे स्पीकर, आणि गाव सोलापूर! मासिकवाल्याला वूफर किती इंची आहे याच्याशी काय देणेघेणे? पुढच्या जाळीला सोलापुरी चादरीचे कापड लावा, पेटीच्या आत टॉवेलचे कापड भरा. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते ठळक लिहा. मग दरपत्रक न पाठवता माणसेच कॅमेरा घेऊन येतात की नाही, ते पाहा.

लाकूडतार
रविवार, सकाळी १०.४८

चाटीगल्ली साहेब, हा विचार आमच्याही मनात आला होता आणि आम्ही तो करूनही पाहिला. चादरीची वीण इतकी भरीव असते, की जाळी म्हणून लावल्यावर वरच्या पट्टीतला आवाज स्पष्टपणे दबला. झांजेची किणकिण जाऊन तिथे कोणी तरी पोते झटकत असल्याचा भास होऊ लागला. आत सुती कापड भरले तर पावसाळ्यात ते ओल धरते आणि काही महिन्यांत पेटीच्या तळाशी जाऊन बसते. म्हणून आत साधा पॉलिएस्टरचा पिंजलेला थर आहे आणि पुढे पातळ जाळीदार कापड आहे, ज्यांपैकी काहीही सोलापूरचे नाही. चादरीचे वाक्य घातले तर कदाचित बातमी येईल, परंतु पहिलाच चौकस ग्राहक जाळी काढून आत पाहील.

कडकभाकरी
रविवार, सकाळी १०.५५

चादर स्पीकरसोबत भेट द्या. शेजाऱ्यांना डोक्यावर ओढून घ्यायला उपयोगी पडेल.

सातरस्ता
रविवार, दुपारी १२.३०

मी बरीच वर्षे एका दैनिकात उपसंपादक म्हणून काढली आहेत, तेव्हा पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगतो. लाकूडतार यांनी १४ पत्रे लिहिली, परंतु त्या पत्रांत त्यांनी नेमके काय मागितले, हे मला त्यांच्या लेखनावरून कळलेले नाही. बातमी ही एक वस्तू आहे, परीक्षण ही दुसरी आणि ओळख करून देणारा लेख ही तिसरी. बातमीला काही तरी घडावे लागते. परीक्षणाला वस्तू हातात यावी लागते, ती ऐकणारा तयार कान लागतो आणि पुष्कळ वेळ लागतो. लेखाला माणूस लागतो. आमच्या टेबलावर दिवसाला शंभराच्या घरात पत्रके येत, आणि ज्यात तिन्ही गोष्टी एकत्र मागितलेल्या असत ते पत्रक बाजूला पडे. त्यामागे द्वेष नसे, संध्याकाळी सहाच्या आत पान लावायचे असे, इतकेच.

तेव्हा पत्र एका पानाचे असावे. वस्तू काय आहे, कोण बनवतो, किंमत किती, कुठे ऐकायला मिळेल, आणि संपर्काचा क्रमांक. छायाचित्र छापण्याजोगे असावे, मोबाइलवरून दहा वेळा इकडून तिकडे जाऊन पुसट झालेले नसावे. ज्याला लिहिता त्याने अलीकडे काय लिहिले आहे हे वाचलेले असावे. पन्नास हजारांच्या स्पीकरवर कधीच न लिहिणाऱ्याला पत्र लिहून उपयोग नाही, आणि केवळ हेडफोनवर लिहिणाऱ्यालाही नाही.

आणि स्थानिक वृत्तपत्राकडे आपण गेलाच नाहीत काय?

लाकूडतार
रविवार, दुपारी १.१५

गेलो होतो, आणि तो अनुभव मुद्दाम सांगितला नव्हता. दीड वर्षापूर्वी एका दैनिकाचे तरुण वार्ताहर शेडवर आले होते. अतिशय आस्थेने त्यांनी तासभर सगळे पाहिले, चहा घेतला, गाणे मात्र ऐकले नाही, कारण त्यांना पुढे एका आंदोलनाला जायचे होते. दुसऱ्या दिवशी आतील पानावर चार कॉलम बातमी आली. त्यात आमच्या वडिलांच्या कष्टांचा उल्लेख होता, जिद्दीचा होता, मावसभावाचे नाव चुकलेले होते, आणि मथळ्यात "डॉल्बी" हा शब्द होता.

त्या आठवड्यात १७ दूरध्वनी आले. त्यांतील ११ मंडळांचे होते आणि त्यांना "बेस आणि टॉप" असा पूर्ण संच भाड्याने हवा होता. दोघांना आम्ही नोकरी देऊ शकतो का, हे विचारायचे होते. एका गृहस्थांनी ध्वनिप्रदूषणाबद्दल अर्धा तास खडसावले, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत असल्यामुळे मला मध्ये बोलताही आले नाही. उरलेल्या तिघांपैकी एक आमचा ग्राहक झाला. तेव्हा बातमीचा उपयोग झाला नाही, असे मी म्हणणार नाही.

सातरस्ता
रविवार, दुपारी १.४०

मथळा वार्ताहराने दिलेला नसतो, एवढीच त्याच्या वतीने रदबदली. ते पाप माझ्यासारख्यांच्या माथ्यावर घालावे. आपल्याकडे मोठ्या आवाजाच्या प्रत्येक भिंतीला "डॉल्बी" म्हणतात, आणि ज्या कंपनीचे हे नाव आहे तिची मूळ ख्याती कॅसेटमधील खरखर कमी करण्याबद्दल होती, हा विनोद सोलापुरात कोणाला समजावून सांगायचा?

वाल्वप्रेमी
रविवार, दुपारी ४.०२

नव्या पेठेत रेडिओदुरुस्ती करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे उत्तर थोडे जुन्या काळातून देतो.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड हे आपल्या सोलापूरसारखेच कापडाचे गाव. तिथे कापडाच्या व्यापारात असलेल्या गिल्बर्ट ब्रिग्ज या गृहस्थाने १९३२ मध्ये इल्क्ली गावी आपल्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतले. स्पीकरचे व्हार्फडेल हे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, ते त्याच तळघरातून आले. त्याच्यापाशी जाहिरातीचा पैसा नव्हता. १९३३ मध्ये ब्रॅडफर्डच्या रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत त्याने आपले स्पीकर ठेवले आणि पहिले व दुसरे बक्षीस मिळाल्यावर मागणी सुरू झाली. म्हणजे पहिली दखल लंडनच्या मासिकाने घेतलेली नव्हती, गावातल्याच हौशी मंडळींनी घेतली होती.

पुढे १९४८ मध्ये त्याने लाऊडस्पीकर या विषयावर सामान्य माणसाला कळेल असे पुस्तक लिहिले. आपला माल घ्या, असे न सांगता स्पीकर कसा चालतो हे त्याने लोकांना शिकवले. आणि १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये क्वाड या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या पीटर वॉकरला सोबत घेऊन त्याने जाहीर कार्यक्रम केला, ज्यात मंचावर प्रत्यक्ष वाजवणारे कलाकार आणि त्यांचे ध्वनिमुद्रण, दोन्ही लागोपाठ ऐकवले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही तेच केले. वृत्तपत्रांना त्याबद्दल लिहावेच लागले, कारण आता काही तरी घडले होते. सातरस्ता म्हणतात ती बातमी ती हीच.

दुसरे उदाहरण विल्यमसनचे. १९४७ साली वायरलेस वर्ल्ड या मासिकात डी. टी. एन. विल्यमसनने आपल्या ॲम्प्लिफायरची संपूर्ण रचना, आकृतीसह, छापून टाकली. जगभरच्या हौशी लोकांनी ती बनवली. आमच्या उस्तादांकडे त्या लेखाची हाताने उतरवलेली प्रत होती आणि तिच्यावर सांडलेल्या सोल्डरिंगच्या पेस्टचे डागही मला आठवतात. माझे सांगणे एवढेच, की लपवून ठेवणाऱ्यापेक्षा दाखवणाऱ्याकडे लेखणी लवकर वळते.

मोजपट्टी
रविवार, सायंकाळी ६.५१

वाल्वप्रेमी काकांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे जातो. मी मूळचा भवानी पेठेचा, सध्या पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकरीत आहे. लाकूडतार, आपल्या पहिल्या लेखात इंच आहेत, प्लायची जात आहे आणि किंमत आहे, परंतु मोजमापाचा एकही आकडा नाही. संवेदनक्षमता, म्हणजे ठराविक शक्तीत निघणारा आवाज, किती, इम्पीडन्स, म्हणजे ॲम्प्लिफायरला होणारा विद्युत विरोध, किमान किती ओमपर्यंत खाली येतो, कोणता स्वर किती जोराने येतो हे दाखवणारा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख कुठे आहे? परीक्षक अनोळखी उत्पादकाकडे पाहतो तेव्हा हा माणूस जाणकार आहे की केवळ सुतार आहे, हे त्याला पहिल्या मिनिटात ठरवायचे असते, आणि त्यासाठी आलेखासारखे दुसरे साधन नाही.

आकड्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला आहे, हे मान्य. आपल्याकडे हाताएवढ्या टेपरेकॉर्डरवर हजार वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा, असे लिहिलेले असायचे. अमेरिकेतही वॅटच्या दाव्यांचा इतका सुळसुळाट झाला होता, की १९७४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला ॲम्प्लिफायरची शक्ती कशी मोजून सांगावी याचा नियम करावा लागला. नेमके म्हणूनच प्रामाणिकपणे मोजलेला आकडा देणारा छोटा उत्पादक उठून दिसतो. २०१६ पासून चालणाऱ्या ऑडिओ सायन्स रिव्ह्यू या संकेतस्थळावर सभासद स्वतःची यंत्रे मोजण्यासाठी पाठवतात, आणि तिथे उत्पादक मोठा की लहान हे कोणी विचारत नाही. विचारतात ते फक्त आवाजातील विकृती किती आणि गोंगाट किती.

तबकडी
रविवार, रात्री ८.१०

मी ग्राहक म्हणून लिहिते. वडिलांनी जमवलेल्या सुमारे चारशे तबकड्या माझ्याकडे आहेत आणि गेल्या वर्षी मी साठ हजारांच्या आसपासचे स्पीकर शोधत होते. मोजपट्टी यांचा आलेख मला वाचता आला नसता, आणि मला वाटते माझ्यासारखे खरेदीदारच अधिक असतात. मी परीक्षणे वाचली, तर प्रत्येक स्पीकर "पडदा बाजूला सरकल्यासारखा" वाजत होता. इतके पडदे सरकल्यावर खिडकीत काही उरलेच नाही.

शेवटी मी एका प्रसिद्ध परदेशी कंपनीची जोडी घेतली, आणि ती का घेतली याचे खरे कारण सांगते. बिघाड झाला तर कोणाकडे जायचे, हे मला माहीत होते. चार वर्षांनी दोन भावांनी शेड बंद केली तर माझा ट्विटर कोण बदलून देणार? कोणत्याही परीक्षणाने या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते, आणि लाकूडतार यांच्या लेखातही ते नाही.

भीमाकाठ
रविवार, रात्री ९.३३

माझी ध्वनियंत्रांवर लहानशी यूट्यूब वाहिनी आहे. वर "जोडी परत मिळणार नाही" असे कळवणाऱ्याला सगळ्यांनी मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, तो मी नव्हे, तरीही त्याची बाजू मांडतो. एका स्पीकरवर प्रामाणिक चित्रफीत करायची म्हटले तर मला तीन आठवडे लागतात. चार निरनिराळ्या ॲम्प्लिफायरवर ऐकणे, चित्रण, संकलन, आणि मग खोके पुन्हा भरून परत पाठवणे. अनोळखी उत्पादकाच्या स्पीकरची चित्रफीत पाहणारे फार थोडे असतात, आणि प्रसिद्ध कंपनीच्या साध्या ब्लूटूथ खोक्याची पाहणारे त्याच्या कितीतरी पट. घरभाडे दोघांकडूनही सारखेच मागितले जाते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. जाहिरात मानक परिषदेची समाजमाध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून आहेत आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही समर्थनाच्या जाहिरातींविषयी सूचना काढल्या. फुकट मिळालेली वस्तू हाही मोबदलाच असून तो प्रेक्षकांना ठळकपणे सांगावा लागतो. तेव्हा जो वाहिनीवाला जोडी ठेवून घेतो आणि तसे सांगतही नाही, त्याच्याकडे लाकूडतार यांनी जाऊ नये. त्या परीक्षणावर विसंबून ग्राहक आला आणि नंतर त्याला खरे कळले, तर नाव आधी उत्पादकाचे जाते.

मोजपट्टी
रविवार, रात्री ९.५०

भीमाकाठ, विनंती एवढीच, की तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज मीटरने सारखा करून घ्यावा. एखादी जोडी एका डेसिबलने जरी मोठी वाजली, तरी कानाला ती मोठी न वाटता "अधिक चांगली" वाटते. निम्मी परीक्षणे याच ठिकाणी फसतात.

भीमाकाठ
रविवार, रात्री १०.०४

करतो. पूर्वी करीत नव्हतो, हेही कबूल करतो.

दूरदेशी
सोमवार, पहाटे ३.१७

इथे रात्र आहे म्हणून ही वेळ. मी होटगी रस्त्याचा, गेली अकरा वर्षे जर्मनीत राहतो आणि म्युनिकच्या हाय एंड प्रदर्शनाला पाच-सहा वेळा गेलेलो आहे. ते प्रदर्शन २००४ पासून म्युनिकला भरत असे आणि २०२६ पासून व्हिएन्नाला गेले आहे.

विक्रेते किती, हा प्रश्न अपमानाचा समजू नये. स्टिरिओफाइल या अमेरिकी मासिकाचा जुना नियमच असा होता, की देशात किमान पाच विक्रेते असल्याखेरीज उत्पादनाचे पूर्ण परीक्षण करायचे नाही. वाचकाला ती वस्तू कुठे तरी जाऊन ऐकता यावी आणि उत्पादक उद्या गायब होणारा नसावा, एवढाच त्यामागचा हेतू. तबकडी ताईंची शंका आणि हा नियम एकच आहेत. गंमत अशी, की हे मासिक १९६२ मध्ये जे. गॉर्डन होल्ट यांनी काढले तेच मुळी जाहिरातदारांपुढे नमणाऱ्या मासिकाला कंटाळून. बंडखोर म्हणून निघालेल्यालाही पुढे दारावर नियमाची पाटी लावावी लागते.

भारतातील लहान उत्पादकाला बाहेर स्थान मिळत नाही, असे मात्र नाही. कोचीच्या रेदम या कंपनीचे हॉर्नचे स्पीकर परदेशी परीक्षकांनी अनेकदा ऐकले आणि त्यांवर लिहिले आहे. पण त्यांची रचना पाहिल्याबरोबर वेगळी दिसते, म्हणून माणूस थांबतो. साडेसहा इंची वूफर आणि एक इंची ट्विटर असलेली आयताकृती पेटी या प्रदर्शनात प्रत्येक दालनात असते. लाकूडतार यांनी रागावू नये.

प्रदर्शनासाठी माल तात्पुरता बाहेर न्यायचा असेल तर एटीए कार्नेट नावाची सोय आहे आणि भारतात ती फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळते. एका वर्षाच्या आत माल परत आणला तर तिथले सीमाशुल्क लागत नाही, परंतु त्यासाठी हमीची रक्कम अडकते. दोन माणसांच्या शेडसाठी हा खर्च आज करावा, असे मला वाटत नाही.

लाकूडतार
सोमवार, सकाळी ७.४०

रागावलो नाही, पण रात्री झोप उशिरा लागली. आमची पेटी इतरांसारखी दिसते हे खरेच आहे. ती तशी असण्याचे कारण ती तशीच बरी वाजते, हे असले तरी दालनाच्या दारातून ते दिसणार नाही.

तबकडी ताईंना उत्तर: प्रत्येक जोडीमागे ट्विटर व वूफरचा राखीव साठा आम्ही ठेवतो, परंतु हे आम्ही कुठेही लिहिलेले नाही. आमच्याकडे पाच वर्षांची लेखी हमीही नाही, तोंडी आहे. तुम्ही विचारले नसते तर यात काही चूक आहे, हे ध्यानातही आले नसते.

वाल्वप्रेमी
सोमवार, सकाळी ८.२५

मला एक विचारायचे आहे आणि ते जरा टोचणारे आहे. परीक्षक एकच जोडी ऐकणार, ग्राहक मात्र तिसावी किंवा चाळिसावी घेणार. तुमची एकोणतिसावी जोडी पहिल्या जोडीसारखीच वाजते का?

लाकूडतार
सोमवार, दुपारी २.१८

काका, हा प्रश्न येऊ नये असे वाटत होते.

सतराव्या जोडीपासून ट्विटरचा नवा साठा आला. नाव तेच, क्रमांक तोच, परंतु ३ किलोहर्ट्झच्या आसपास तो सुमारे दीड डेसिबल अधिक बोलत होता. आम्हाला हे कळले ते विसाव्या जोडीच्या ग्राहकाने, एका निवृत्त संगीतशिक्षकांनी, तंबोऱ्याची जवारी "काचेसारखी" येते असे कळवल्यावर. आम्ही क्रॉसओव्हरमधील एक रेझिस्टर बदलला, १७ ते २० या चार जोड्या परत मागवल्या आणि दुरुस्त करून दिल्या. त्यानंतर प्रत्येक ट्विटर बसवण्यापूर्वी मोजतो आणि जोड्या जुळवूनच लावतो. हे सर्व वहीत लिहिलेले आहे, बाहेर कुणालाही सांगितलेले नाही, कारण सांगितले तर कोण विकत घेईल, अशी भीती वाटली.

तबकडी
सोमवार, दुपारी २.३१

मी घेतली असती.

मोजपट्टी
सोमवार, दुपारी ३.०५

लाकूडतार, ती वही हीच आपली सर्वांत चांगली बातमी आहे. चौदा पत्रांत जे नव्हते ते त्या पानावर आहे. ट्विटरच्या दोन साठ्यांचे आलेख एकावर एक ठेवून, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा, आपल्या नावाने प्रसिद्ध करावेत. ध्वनितंत्रावर लिहिणाऱ्याला यात विषय सापडतो, कारण मोठ्या कंपन्या असले काही सहसा दाखवत नाहीत.

मोजता कुठे? पत्र्याच्या छपराखाली मोजत असाल तर परावर्तनाने आलेख बिघडत असेल.

लाकूडतार
सोमवार, सायंकाळी ७.१२

गच्चीवर, पहाटे पाचला, रस्त्यावरच्या गाड्या सुरू होण्यापूर्वी. स्पीकर दीड मीटर उंचीवर आणि माइक एक मीटर अंतरावर असतो. जमिनीवरून परतलेला आवाज सुमारे सहा मिलिसेकंदांनी मागाहून येतो, तेवढ्यापर्यंतचाच भाग हिशेबात धरतो. त्यामुळे साधारण १६० हर्ट्झच्या खालचे या पद्धतीने विश्वासाने सांगता येत नाही. तिथे वूफरच्या अगदी जवळ माइक ठेवून वेगळे मोजतो आणि दोन आलेख जोडतो. संवेदनक्षमता ८६ डेसिबल आणि इम्पीडन्स किमान ४.६ ओम येतो.

मोजपट्टी
सोमवार, सायंकाळी ७.२०

मग आलेखाखाली हाच परिच्छेद जसाच्या तसा छापा. तिसावी जोडी माझ्याकडे पुण्याला पाठवली तर मी स्वतंत्रपणे मोजून, जे येईल ते, इथेच लिहीन. निवडून मात्र पाठवू नये, ओळीने येईल ती पाठवावी. येण्याजाण्याचा खर्च माझा.

चाटीगल्ली
सोमवार, रात्री ८.४४

चादरीचा आग्रह मागे घेतो. परंतु व्यापाऱ्याची एक शंका राहतेच. समजा उद्या मोठ्या मासिकात उत्तम परीक्षण आले आणि दोनशे मागण्या आल्या. महिन्याला दोन जोड्या या हिशेबाने शेवटच्या ग्राहकाला आठ वर्षांहून अधिक थांबावे लागेल. आमच्याकडे एका विणकराने दिल्लीच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवले आणि त्याच वर्षी वेळेवर माल देता आला नाही म्हणून चांगली गिऱ्हाइके गमावली. प्रसिद्धी येण्याआधी ती पेलायची तयारी हवी.

सातरस्ता
सोमवार, रात्री ९.३०

चाटीगल्ली यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवले आहे, पण त्यामुळे मूळ प्रश्न बदलतो. महिन्याला दोन जोड्या म्हणजे वर्षाला २४ ग्राहक. २४ ग्राहकांसाठी परदेशी मासिक कशाला हवे? पुणे, सोलापूर, कोल्हापूर आणि बेळगाव या टापूत गाणे कान देऊन ऐकणारी माणसे तेवढी निश्चित आहेत. त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी आपल्याला भारतीय ध्वनिप्रेमींच्या मंचांवर आलेखासह एक लेख, भीमाकाठ यांच्यासारख्या एका-दोघांकडे ठराविक मुदतीसाठी उसनी जोडी, आणि लोकांनी येऊन ऐकावे अशी एक जागा, एवढे पुरेसे आहे. त्या परदेशी मासिकाला मात्र उत्तर अवश्य पाठवावे. "एकही विक्रेता नाही, तूर्त नेमण्याचा विचार नाही, विचारल्याबद्दल आभार." दोन वर्षांनी पुन्हा लिहाल तेव्हा हा सरळ माणूस आहे, एवढी ओळख राहील.

भीमाकाठ
सोमवार, रात्री ९.४१

मी एकतिसावी जोडी पाच आठवड्यांसाठी घेतो आणि परत करतो. उसनी आहे, हे चित्रफितीच्या पहिल्याच मिनिटात सांगेन. आवडली नाही तर तसेही सांगेन, हे आधी मान्य असावे.

लाकूडतार
सोमवार, रात्री १०.५५

मान्य. तिसावी मोजपट्टी यांच्याकडे, एकतिसावी भीमाकाठ यांच्याकडे. म्हणजे आमचे एका महिन्याचे उत्पादन गेले, परंतु दोन्ही जोड्या परत येणार आहेत. हमीचा कागद या आठवड्यात लिहून घेतो आणि सुट्या भागांचा साठा त्यात नोंदवतो. सतरा ते वीस या जोड्यांची हकिगत आलेखांसह लिहायला घेतली आहे. मावसभाऊ अजून तयार नाही, त्याचे म्हणणे आहे की एवढे उघडे पडू नये. त्याला मी वाल्वप्रेमी काकांचा लेख वाचायला दिला आहे.

ऐकण्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता शेड उघडी ठेवतो. पत्र्याखाली घुमू नये म्हणून एका कोपऱ्यात भिंतींना आणि छताला कापडी पडदे टांगले आहेत, आणि चाटीगल्ली साहेबांच्या समाधानासाठी सांगतो, ते चादरींचेच आहेत. तिथे त्यांचा दाब उपयोगी पडतो.

तबकडी
सोमवार, रात्री ११.०२

मी येईन. माझ्या दोन तबकड्या आणल्या तर चालतील का?

लाकूडतार
सोमवार, रात्री ११.०६

अवश्य आणाव्यात, पण शेडमध्ये टर्नटेबल नाही.

वाल्वप्रेमी
मंगळवार, सकाळी ६.३०

टर्नटेबल मी आणतो. सुई गेल्याच महिन्यात नवी बसवली आहे. फक्त रिक्षातून उतरवायला कोणी तरी फाटकापाशी उभे राहावे.